ओढ वारंवार आटते तेव्हा: आधी दाराची कडी, मग रक्ताची तपासणी

नागपुरात जोडप्यांचं समुपदेशन करताना एक तक्रार माझ्याकडे सगळ्यात जास्त येते, आणि एकदा सुटली तरी काही महिन्यांनी त्याच घरातून पुन्हा येते. "मॅडम, भांडण नाही, काही नाही, पण इंटरेस्टच नाही राहिला." इंटरेस्ट म्हणजे शारीरिक जवळिकीची ओढ. असं म्हणणारी कधी बायको असते, कधी नवरा. माझ्याकडे पोचेपर्यंत बहुतेकांनी खर्चाचे उपाय करून झालेले असतात. कोणी महागड्या गोळ्या घेतलेल्या, कोणी कर्ज काढून ट्रिपला जाऊन आलेले, कोणी पत्रिका दाखवून शांत केलेली. घरातल्या घरात, फुकटात तपासता येतील अशा गोष्टींकडे मात्र कोणीच पाहिलेलं नसतं. त्या क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं खऱ्या अनुभवातली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम असा का ते कळेल. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या किन्सी इन्स्टिट्यूटमधल्या जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक जॅन्सन या संशोधकांनी मांडलं की कामेच्छेमागे मेंदूच्या दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात. एक इच्छा चेतवते, दुसरी ती रोखून धरते. गाडीच्या ॲक्सिलरेटर आणि ब्रेकसारख्या. ओढ आटली की आपण ॲक्सिलरेटर दाबत सुटतो: नवे कपडे, मेणबत्त्या, गोळ्या. माझ्या अनुभवात दहातल्या बहुतेक जोडप्यांचा ॲक्सिलरेटर शाबूत असतो, ब्रेकवर पाय असतो. आणि तो पाय बहुतेक वेळा ताणाचा किंवा असुरक्षिततेचा असतो. शरीर पहाऱ्यावर असेल तर ते जवळिकीसाठी मोकळं होत नाही. त्यात प्रेम कमी झाल्याचा पुरावा शोधू नका.

लक्षणं

यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर पुढे वाचा.

- बाहेरगावी, हॉटेलात सगळं ठीक असतं. घरी परतलं की चार दिवसांत पुन्हा तेच.
- काळजी आहे, माया आहे, पण हात लागला की अंग आखडतं.
- एक जण झोपेचं सोंग घेतो, आणि दुसऱ्याला ते कळतं.
- सुरुवात होते, मग मन भलतीकडे जातं: गॅस बंद केला का, उद्याचा रिपोर्ट, बाहेर सासूबाईंच्या चपलांचा आवाज.
- पुरुषाला पहाटे किंवा एकटं असताना ताठरता येते, जोडीदारासोबत मात्र टिकत नाही.
- "नाही" म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी घरात अबोला.
- साधी मिठीही बंद झाली आहे, कारण "त्यातून पुढचं सुरू होईल".

पहिलं लक्षण सगळ्यात जास्त सांगून जातं. बाहेर ठीक असेल तर शरीर ठीक आहे आणि नातंही बरंचसं ठीक आहे, घरातलं काहीतरी ब्रेक दाबून आहे. पाचव्याचंही तसंच. पहाटेची ताठरता येत असेल तर रक्तपुरवठा आणि नसा बहुधा व्यवस्थित आहेत.

दोन परिस्थितींत ही समस्याच नाही. दोघांनाही कमी जवळीक पुरत असेल तर शेजारच्यांच्या आकड्याशी तुलना करू नका. आणि एखाद्याला आयुष्यात कधीच कोणाविषयी शारीरिक ओढ वाटली नसेल, किंवा विरुद्ध लिंगाच्या व्यक्तीविषयी वाटत नसेल, तर तो त्या माणसाचा स्वभाव आहे. त्यावर इलाज करायचा नसतो. तिथे प्रामाणिक बोलणं लागतं.

तपासणी 1: दार, भिंत आणि कूलर

मी पहिल्याच भेटीत विचारते, "बेडरूमच्या दाराची कडी लागते का?" लोक गोंधळतात. पण याचं उत्तर "नाही" किंवा "लागते, पण..." असं फार वेळा येतं.

मनीषनगरातल्या एका घरी दार पावसाळ्यात फुगायचं आणि कडी कोंड्यात बसायचीच नाही. मग दोघं आतून दाराला खुर्ची टेकवायचे. फरशीवर खुर्ची सरकली की बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा खोकला यायचा. तो सहज आलेला खोकला असेलही, पण त्या मुलीच्या डोक्यात खुर्ची आणि खोकला यांची गाठ बसली. पुढे पुढे नवऱ्याने खुर्चीला हात लावला तरी तिचं अंग मिटायचं. दोघांना वाटत होतं, आपल्यातलं संपलं. सुताराने रंधा मारून दार घासलं, वरच्या बाजूला नवा बोल्ट बसवला. महिनाभरात तक्रारीचा सूर बदलला. सगळं सुटलं नाही, पण उरलेलं बोलता येण्याजोगं झालं.

नागपूरच्या उन्हाळ्याची इथे वेगळी नोंद हवी. होळी झाली की कूलर निघतो, वुडवूल बदललं जातं, आणि पारा 45 अंशांकडे सरकला की अख्खं घर कूलरच्या एका खोलीत झोपतं. आजी, मुलं, सुट्टीत माहेरपणाला आलेली नणंद आणि तिची मुलं. नाहीतर गच्चीवर गाद्या. पाऊस येईस्तोवर नवरा-बायको धड शेजारीही झोपलेले नसतात. मग जुलैत "तू बदललीस", "तूच बदललास" सुरू होतं. दरवर्षी त्याच महिन्यांत तुमचं बिनसत असेल तर कॅलेंडर बघा. उपाय घराघरावर अवलंबून आहे. कोणी दुसऱ्या खोलीला छोटा कूलर लावतं, कोणी आई-बाबा सकाळी फिरायला जातात तो तास राखून ठेवतं. कूलरच्या आवाजाचा एक फायदाही आहे: आतलं बाहेर जात नाही.

हे तपासणं का महत्त्वाचं? कोणी येईल, कोणी ऐकेल ही शंका असेपर्यंत मेंदू एक कान बाहेर ठेवतो. हे ठरवून बंद करता येत नाही. नव्या सुनेच्या बाबतीत तर घरातला प्रत्येक आवाज अजून ओळखीचा झालेला नसतो. ठरवून झालेल्या लग्नात मुलीला (आणि कित्येकदा मुलालाही) ओढ वाटायला काही महिने लागले तर ते अगदी स्वाभाविक आहे. तोवर मावशी-काकूंच्या "गुड न्यूज कधी?" ला उत्तर द्यायची जबाबदारी नवऱ्याने घ्यावी.

तपासणी 2: झोप

ही थोडक्यात. शिकागो विद्यापीठात 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तरुण, निरोगी पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी लैंगिक संप्रेरक) 10 ते 15 टक्क्यांनी घटलं. बुटीबोरीच्या कंपनीतली पाळी, मिहानमधली नाइट शिफ्ट, रात्री दोनदा उठणारं बाळ, यांपैकी काहीही घरात असेल तर आधी दोन आठवडे झोप भरून काढा, मग निदान करा. आणि रात्री साडेअकराचा हट्ट सोडा. दिवसातली सगळ्यात थकलेली वेळ आपण जवळिकीला देतो आणि मग ती जमत नाही म्हणून दुःखी होतो.

तपासणी 3: कामावरून घरी येण्यातलं अंतर

ताणात असताना शरीर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. ॲड्रिनलिन रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळवतं आणि लिंगातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. ताठरतेला आणि स्त्रीच्या ओलाव्याला शरीर शांत लागतं. म्हणून एकदा "जमलं नाही" की पुढच्या वेळी "जमेल का?" ही धास्तीच बिघाड घडवून आणते. दीर्घकाळ चाललेला ताण तर लैंगिक संप्रेरकांची निर्मितीच मंदावतो. हप्ते थकलेत, साहेब रात्री दहाला ग्रुपवर मेसेज टाकतात, आणि आपण अपेक्षा करतो की दिवा बंद झाला की मनही बंद व्हावं.

करून बघायचं एवढंच: घरी आल्यावर अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत. अंघोळ, गच्चीवर चार फेऱ्या, काहीही. जेवण झाल्यावर ऑफिसचा ग्रुप म्यूट. आणि पैशाच्या चिंतेबद्दलचं बोलणं पलंगावर नको. त्यासाठी बाहेर पडा. फुटाळ्याच्या काठाने किंवा सेमिनरी हिल्सवर बरोबरीने चालताना माणसं घरापेक्षा जास्त खरं बोलतात, असं मी पाहत आले आहे.

एक गोष्ट इथे हमखास गैरसमज करते. ताणाचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. बहुतेकांची इच्छा घटते, पण काहींची वाढते. त्यांना जवळिकीतूनच निवांतपणा मिळतो. असे दोन स्वभाव एका घरात आले की एकाच संकटात एक जण जवळ येतो आणि दुसरा मिटतो. पहिल्याला वाटतं, गरजेच्या वेळी मला दूर लोटलं. दुसऱ्याला वाटतं, याला माझ्या अवस्थेचं काही नाही. दोघंही चुकीचं वाचत असतात. हे फक्त शब्दांत सांगितल्याने कित्येक जोडप्यांचा निम्मा राग उतरलेला मी पाहिला आहे.

तपासणी 4: घराची यादी कोणाच्या डोक्यात आहे

"मी मदत करतो ना" असं नवरे मला सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. पण कूलरच्या टाकीत पाणी कधी भरायचं, डब्याला काय, मुलाच्या शाळेचा निरोप, सासऱ्यांची बीपीची गोळी संपत आली, हे लक्षात ठेवणारं माणूस एकच असतं. ती यादी रात्रीही चालू असते. शिवाय दिवसभर ज्याला दहा गोष्टी आठवण करून द्याव्या लागल्या, त्याच्याविषयी रात्री ओढ वाटत नाही. तिथे आईपण शिल्लक राहतं. म्हणून कामं वाटू नका, खाती वाटा. औषधांचं खातं नवऱ्याचं, म्हणजे संपायच्या आधी आणणंही त्याचंच, विचारायचं नाही.

तपासणी 5: "नाही" म्हणण्याची किंमत

ही तपासणीही फुकट आहे, पण धीराची आहे. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, म्हणून सावकाश वाचा.

दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता लिहा: मागच्या वेळी "आज नको" म्हटलं त्यानंतर काय झालं? माझ्याकडे येणारी उत्तरं अशी असतात: तो पाठ फिरवून झोपला आणि सकाळी चहा न घेता गेला. ती म्हणाली, "तुम्हाला आता मी आवडत नाही." त्याने कपाटाचं दार आपटलं. तिने चार दिवस आईकडेच जास्त वेळ काढला. "बाहेर काही चालू आहे का?" असं विचारलं. यात कोणी कोणाला मारलेलं नाही, ओरडलेलंही नाही. पण "नाही" महाग झालं की "हो" खरं राहत नाही. माणूस भांडण टाळायला होकार देतो, आणि शरीर ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी खांद्यावर हात पडला तरी ते आखडतं, कारण त्या हाताचा शेवट त्याला ठाऊक असतो. पुरुषांच्या बाबतीतही हे तितकंच खरं आहे. फक्त ते बोलत नाहीत, उशिरापर्यंत मोबाइल बघत बाहेरच्या खोलीत बसतात.

उपाय दोन भागांत आहे. पहिला, "नाही" कसं म्हणायचं आणि कसं ऐकायचं. म्हणणाऱ्याने कारणांची फाइल उघडू नये. "आज नको, पण इथेच बस जरा" एवढं पुरे. ऐकणाऱ्याने "बरं" म्हणावं आणि सकाळचा चहा रोजच्यासारखाच व्हावा. तो सकाळचा चहा महत्त्वाचा आहे. शरीराला भरवसा तिथून मिळतो, रात्रीच्या आश्वासनातून मिळत नाही. मला एका नवऱ्याने विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे मी विचारायचंच नाही का आता?" विचारा. मनातलं मागण्यात काही गैर नाही. उत्तराचा दंड वसूल करू नका, एवढंच.

दुसरा भाग म्हणजे काही आठवडे संभोग दोघांच्या संमतीने पूर्ण बाजूला ठेवायचा. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या उपचारपद्धतीचा हा गाभा आहे आणि आजही समुपदेशक तो वापरतात. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. एकाने स्पर्श करायचा: पाठ, हात, केस, तळपाय. दुसऱ्याने फक्त काय बरं वाटतं, काय नाही ते सांगायचं. मग अदलाबदल. सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. "थांब" म्हटलं की थांबायचं, का ते विचारायचं नाही. इच्छा जागी झाली तरी ठरलेलं मोडायचं नाही. इथेच बहुतेक जोडपी घसरतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. स्पर्श कुठेही न्यायचा नाही हे शरीराला पटलं की ते पहारा सोडतं. टप्प्याटप्प्याने पुढे जायचं, तेही जो मागे आहे त्याच्या वेगाने.

याच्याच पोटातली एक गोष्ट. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली मांडलं की पुष्कळ स्त्रियांत, विशेषतः जुन्या नात्यांत, इच्छा आधी आणि स्पर्श नंतर असा क्रम नसतो. निवांत, मनाजोगता स्पर्श आधी आणि इच्छा नंतर असतो. त्यामुळे "मला आपणहून वाटतच नाही" हा आजार असेलच असं नाही. पण याचा अर्थ "सुरू कर, वाटेल आपोआप" असा दबाव टाकायला करू नका. दबाव आला की तो क्रमच मोडतो.

तपासणी 6: दिवस राहण्याची भीती, आणि दुखणं

दिवस राहतील ही धास्ती मोठा ब्रेक आहे, आणि ती बहुतेक बाईच्या वाट्याला येते. तांबी, निरोध, सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुष नसबंदी, यांपैकी काय जमेल ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. उलट बाजूही आहे. मूल हवं म्हणून तारखा बघून संबंध ठेवणाऱ्या जोडप्यांत दोघांचीही ओढ आटते. अशांनी महिन्यातले काही दिवस तारखेशिवायचे ठेवावेत.

संबंधाच्या वेळी दुखत असेल तर इथेच थांबा. सहन करत राहिलात तर शरीर जवळीक म्हणजे वेदना असं शिकतं. बाळाला पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, कोरडेपणा येतो, रजोनिवृत्तीतही येतो. साधं पाण्याचं वंगण मेडिकलच्या दुकानात मिळतं. तेवढ्याने भागलं नाही, किंवा आत जाऊच देत नाही इतके स्नायू आवळत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यावर चांगले उपचार आहेत.

तपासणी 7: गोळ्या आणि रक्त

इथून डॉक्टरांशिवाय पुढे जायचं नाही. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी करा. नैराश्यावरच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या गोळ्या, रक्तदाबावरच्या काही गोळ्या, केस गळतीवरची फिनास्टेराइड, यांनी इच्छा किंवा ताठरता कमी होऊ शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका. नैराश्याची गोळी अचानक सोडणं त्रासाचं असतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात.

तपासण्यांत साधारण हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, गरजेप्रमाणे प्रोलॅक्टिन, आणि पुरुषांत सकाळचं टेस्टोस्टेरॉन. पुरुषाला पहाटेचीही ताठरता येईनाशी झाली असेल तर हे लाजेत लांबवू नका. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे हृदयविकाराची आणि मधुमेहाची खूण कधी कधी आधी तिथे दिसते.

भिंतींवर रंगवलेल्या "गुप्तरोग" जाहिरातींच्या नादी लागू नका. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांत न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेवरचं डॉक्टरी औषध, सापडलेलं आहे. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो.

इथे थांबा, आणि माणूस गाठा

जोडीदाराची भीती वाटत असेल, जबरदस्ती होत असेल, मारहाण किंवा धमकी असेल, तर वरची एकही तपासणी करू नका. तिथे शरीराचा ब्रेक बरोबर काम करतो आहे. स्पर्शाचे व्यायाम तर अजिबात नकोत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही येतो. महिला हेल्पलाइन 181, तातडीला 112, आणि नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे.

लहानपणीचा अत्याचार, विश्वासघात, गर्भपातानंतरचं दुःख यातलं काही मध्ये असेल तर घरच्या घरी उकरू नका. प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतो. कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ओढीचा प्रश्न बाजूला ठेवून आजच बोला. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये आणि एम्समध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे.

आणि पहिल्या पाच तपासण्या दोन-तीन महिने मनापासून करूनही काहीच हललं नाही, तरीही जा. जाताना गोळ्यांची यादी, असतील ते रिपोर्ट, आणि एका कागदावर तीन ओळी न्या: हे कधीपासून, कुठे आणि कधी बरं असतं, आणि कशाने बिघडतं. डॉक्टरांसमोर बोलायला जड गेलं तर तो कागदच पुढे करा. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने गेलं तरी चालतं, सुरुवात तिथूनही करता येते.